पाच फोटॉनांचा ठिपका: शेजारच्या दीर्घिकेतले मंद क्ष-किरण स्रोत शोधायचे कसे, ओळखायचे कसे

जवळच्या एखाद्या दीर्घिकेची चंद्रा या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीनं घेतलेली प्रतिमा उघडली की वीस-पंचवीस ठळक ठिपके लगेच नजरेत भरतात. त्यांची नोंद आधीच कुणीतरी केलेली असते. नवीन माणसाला करण्यासारखं काम त्यांच्या खालच्या थरात आहे. तिथे पंधरा तासांच्या निरीक्षणात एकेका स्रोताचे जेमतेम पाच-सात फोटॉन आलेले असतात. असा ठिपका सापडायला फारसा वेळ लागत नाही. तो खरा आहे का, त्याच दीर्घिकेतला आहे का आणि आहे तरी कोण, हे तीन प्रश्न सोडवण्यात महिने जातात. हा लेख मुख्यतः त्या तीन प्रश्नांसाठी आहे.

पुण्यातल्या कॉलेजांत भौतिकशास्त्र शिकणारे, एमएस्सीच्या प्रकल्पासाठी विषय शोधणारे आणि लिनक्सची भीती न वाटणारे हौशी आकाशनिरीक्षक डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. उदाहरणासाठी सगळीकडे एम ८३ ही दीर्घिका घेतली आहे. ती वासुकी तारकासमूहात, सुमारे ४६ लाख पार्सेक अंतरावर आहे आणि तिचं तबक जवळजवळ समोरून दिसतं. तिची निवड करण्यामागे आणखी एक कारण आहे. १९५७ साली तिथे दिसलेल्या अतिनवताऱ्याचा अवशेष चंद्रानं २००० आणि २००१ मध्ये मिळून सुमारे चौदा तास पाहिला, पण काहीच सापडलं नाही. २०१०-११ मध्ये जवळपास साडेआठ दिवसांचं निरीक्षण झालं तेव्हा तो दिसला. मंद स्रोत म्हणजे काय, हे यावरून नेमकं कळतं.

एक सूचना आधीच: आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायची, आणि दोन शब्दांच्या मध्ये जोडरेघ दिसेल तिथे अधोरेषा द्यायची.

हाताशी काय हवं

- लिनक्स किंवा मॅक असलेला संगणक. विंडोज असेल तर त्यात डब्ल्यूएसएल बसवून काम होतं. रॅम १६ जीबी आणि रिकामी डिस्क किमान १०० जीबी.
- सियाओ हे चंद्राचं अधिकृत सॉफ्टवेअर. ते फुकट आहे आणि कॉन्डातून बसवणं सर्वांत सोपं. त्याच वेळी शेर्पा (प्रतिमानं बसवायला), डीएस९ (प्रतिमा पाहायला), सियाओ-कॉन्ट्रिब (जादा आज्ञांचा संच) आणि कॅलडीबी हा अंशशोधनाचा साठाही घ्या. कॅलडीबी राहून गेला तर पुढची प्रत्येक पायरी अडते.
- टॉपकॅट. याद्या एकमेकांशी जुळवायला याच्याइतकं सोयीचं दुसरं साधन नाही.
- थोडं पायथन, आणि प्वासाँ वितरणाची चांगली समज. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जास्त महत्त्वाची.
- घरच्या डेस्कटॉपवर काम करणार असाल तर यूपीएस. पावसाळ्यात लाइट गेली की सहा तास चाललेली आज्ञा पुन्हा पहिल्यापासून चालवावी लागते. दूरच्या सर्व्हरवर काम असेल तर प्रत्येक लांब काम टीमक्समध्येच सुरू करा, म्हणजे जोडणी तुटली तरी ते चालू राहतं.

परवानगी, पत्र, फी यांतलं काहीही लागत नाही. चंद्राची निरीक्षणं ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुली होतात.

१. आधी निरीक्षणांची यादी काढा

‘फाइंड-चंद्रा-ऑब्सआयडी’ला दीर्घिकेचं नाव दिलं की त्या दिशेची सगळी निरीक्षणं समोर येतात. त्यांतून एसिस या चंद्रा दुर्बिणीवरच्या कॅमेऱ्याची, ग्रेटिंग (वर्णपट फाकवणारी जाळी) न वापरलेली निरीक्षणं निवडा. दीर्घिकेचं केंद्र ज्या चिपवर आहे ती एस३ असेल तर मंद आणि मृदू स्रोतांसाठी उत्तम. एका चिपची बाजू सुमारे ८.४ आर्कमिनिट असते, त्यामुळे एम ८३ चा बहुतेक भाग तिच्यात मावतो.

याच वेळी चंद्रा स्रोतसूचीही पाहून घ्या. तुमचा ‘नवा’ स्रोत तिथे आधीच असेल तर ते आज कळलेलं बरं.

अॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या एसएक्सटी या क्ष-किरण दुर्बिणीचा डेटा यासाठी वापरता येईल का, असं पुण्यात हमखास विचारलं जातं. या कामासाठी नाही. एसएक्सटीत एक बिंदू काही आर्कमिनिट फाकून दिसतो, म्हणजे चंद्रानं वेगळे दाखवलेले कित्येक स्रोत तिथे एकाच डागात मिसळतात. अॅस्ट्रोसॅटवरच्या यूव्हीआयटी या अतिनील दुर्बिणीचा मात्र नवव्या पायरीत उपयोग आहे. एक्सएमएम-न्यूटन ही युरोपची क्ष-किरण दुर्बीण जास्त फोटॉन गोळा करते, पण दीर्घिकेच्या गर्दीच्या मध्यभागात तिची धार कमी पडते.

२. उतरवा आणि पुन्हा प्रक्रिया करा

‘डाउनलोड-चंद्रा-ऑब्सआयडी’नं फायली उतरवा आणि प्रत्येक निरीक्षणावर ‘चंद्रा-रीप्रो’ चालवा. संग्रहातल्या तयार फायली थेट वापरू नका, कारण त्यांच्यावरचं अंशशोधन जुनं असू शकतं. या पायरीला डोकं लागत नाही, फक्त वेळ लागतो. ती रात्री लावून द्या.

३. भडके कापा, ऊर्जेचे पट्टे ठरवा

कधी कधी कमी ऊर्जेचे प्रोटॉन आरशांतून आत येतात आणि पार्श्वभूमी एकदम चढते. एस३ चिपला हा त्रास जास्त होतो. ठळक स्रोत वगळून उरलेल्या चिपचा प्रकाशवक्र काढा. त्यासाठी २५९.२८ सेकंदांचा टप्पा प्रचलित आहे, म्हणजे कॅमेऱ्याच्या ३.२४१ सेकंदांच्या बरोबर ८० फ्रेम. ‘डीफ्लेअर’नं तीन सिग्मांबाहेरचा काळ कापा. आधी वक्र डोळ्यांनी पाहा. अर्धं निरीक्षण भडक्यात गेलेलं असेल तर सरासरीच चुकते आणि आज्ञा चांगला काळ कापून वाईट काळ ठेवते.

पट्टे असे घ्या: मृदू ०.५ ते १.२, मध्यम १.२ ते २ आणि कठीण २ ते ७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. सातच्या वर आरशांचं परिणामी क्षेत्रफळ घसरतं आणि पार्श्वभूमी वाढते, त्यामुळे तिथले फोटॉन घेऊन मंद स्रोताचं नुकसानच होतं.

४. निरीक्षणं एकावर एक नीट बसवा

नवशिके सर्वांत जास्त घाई इथे करतात. दोन निरीक्षणांत अर्ध्या आर्कसेकंदाचा सरक असेल तर ठळक स्रोत थोडा लांबट दिसतो, इतकंच. पाच फोटॉनांचा स्रोत मात्र दोन-दोन, तीन-तीन फोटॉनांत विभागून नाहीसा होतो. एसिसचा एक पिक्सेल ०.४९२ आर्कसेकंदांचा आहे, हे लक्षात ठेवा.

प्रत्येक निरीक्षणात स्वतंत्रपणे ठळक स्रोत शोधा. त्यांतले केंद्रापासून तीन-चार आर्कमिनिटांच्या आतले आणि किमान वीस फोटॉनांचे तेवढेच ठेवा. सर्वांत लांब निरीक्षण संदर्भ धरून ‘डब्ल्यूसीएस-मॅच’नं सरक काढा आणि ‘डब्ल्यूसीएस-अपडेट’नं तो लावा. सामायिक स्रोत पाच-सहाच असतील तर फक्त सरक काढा. फिरवणं आणि मोजपट्टी बदलणं या दोन्ही गोष्टी बंद ठेवा, नाहीतर एका चुकीच्या जोडीमुळे अख्खी प्रतिमा तिरकी बसते. दुरुस्ती घटनांच्या (म्हणजे नोंदलेल्या एकेका फोटॉनाच्या) फायलीबरोबर दिशेच्या फायलीलाही, म्हणजे दुर्बीण केव्हा कुठे रोखली होती त्या नोंदीलाही, लागली आहे ना, ते तपासा. हे विसरलं की पुढे एकत्र करताना जुनाच सरक परत येतो.

यानंतर ‘मर्ज-ऑब्स’ वापरून प्रतिमा, उद्भासन नकाशा आणि पीएसएफ नकाशा तयार करा. उद्भासन नकाशा म्हणजे प्रतिमेच्या कोणत्या भागाला किती निरीक्षण मिळालं त्याचा हिशोब. पीएसएफ म्हणजे बिंदूसारखा स्रोत त्या जागी किती फाकून दिसतो त्याचं माप. प्रतिमेच्या मध्यावर ९० टक्के फोटॉन साधारण एका आर्कसेकंदाच्या त्रिज्येत येतात. दहा आर्कमिनिट बाहेर गेलं की तीच त्रिज्या दहा आर्कसेकंदांच्या घरात जाते.

५. शोध लावा

‘वेव्हडिटेक्ट’ला तीन गोष्टी द्या: प्रतिमा, उद्भासन नकाशा आणि पीएसएफ नकाशा. उद्भासन नकाशा दिला नाही तर चिपच्या कडेवर खोट्या स्रोतांची रांग लागते. मापं १, २, ४, ८ आणि १६ पिक्सेल ठेवा. दीर्घिकेच्या केंद्राजवळ तप्त वायू पसरलेला असतो आणि मोठी मापं त्याच्या गाठींना स्रोत समजतात. म्हणून मध्यभागासाठी ४ पर्यंतची मापं घेऊन वेगळी फेरी करा.

उंबरठा दहाचा उणे सहावा घात ठेवला, तर दहा लाख पिक्सेलांत सरासरी एक खोटा स्रोत येतो. २०४८ गुणिले २०४८ ची प्रतिमा म्हणजे सुमारे ४२ लाख पिक्सेल, म्हणजे चार खोटे. तीन पट्टे आणि सगळे मिळून एक, अशा चार पट्ट्यांत शोध घेतला की ही संख्या वाढते. तरीही पहिल्या फेरीत उंबरठा सैलच ठेवावा असं आमचं मत आहे. इथे सुटलेला स्रोत पुन्हा हाती लागत नाही, आणि आलेला खोटा स्रोत पुढच्या पायरीत काढता येतो.

६. ठिपका खरा आहे का?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

पहिली तपासणी आकड्यांची. स्रोताच्या वर्तुळात किती फोटॉन आले आणि नुसत्या पार्श्वभूमीतून किती अपेक्षित होते, हे काढा. वर्तुळात ८ फोटॉन आहेत आणि पार्श्वभूमीची अपेक्षा २ आहे असं समजा. निव्वळ योगायोगानं ८ किंवा जास्त येण्याची शक्यता ०.००११ आहे. यादीत हजार जागा तपासत असाल तर असा एखादा ठिपका आपोआपच मिळणार. आता दुसरा ठिपका घ्या: फोटॉन फक्त ५, पार्श्वभूमीची अपेक्षा ०.२. योगायोगाची शक्यता दहा लाखांत दोनच्या आसपास. म्हणजे पाचांचा ठिपका आठांच्या ठिपक्यापेक्षा कितीतरी भरवशाचा. प्रतिमेकडे नुसतं पाहून हे कधीच कळणार नाही.

दुसरी तपासणी एकेका फोटॉनाची. ‘डीएमलिस्ट’नं त्या वर्तुळातल्या प्रत्येक घटनेची वेळ, चिपवरचा स्तंभ, चिपवरची ओळ आणि ऊर्जा छापून घ्या. निरीक्षण चालू असताना चंद्रा मुद्दाम हळूहळू डोलते. हा झोका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १६ आर्कसेकंद, म्हणजे तीसच्या वर पिक्सेलांचा असतो. त्यामुळे आकाशातल्या खऱ्या स्रोताचे पाच फोटॉन चिपवर पाच वेगळ्या पिक्सेलांत आणि निरीक्षणभर विखुरलेल्या वेळी पडलेले दिसले पाहिजेत. पाचही फोटॉन चिपच्या एकाच पिक्सेलात, लागोपाठच्या फ्रेममध्ये, पंधरा-वीस सेकंदांत आले असतील आणि प्रत्येकाची ऊर्जा आधीच्यापेक्षा कमी असेल, तर तो वैश्विक किरणाचा मागे राहिलेला उजेड आहे. वैश्विक किरणानं चिपमध्ये सोडलेला विद्युतभार हळूहळू बाहेर पडतो आणि सॉफ्टवेअरला तो फोटॉनांसारखा वाटतो. ‘चंद्रा-रीप्रो’ असे बहुतेक प्रसंग काढून टाकते, पण थोडे निसटतात, आणि ते नेमके मंद स्रोतांच्या यादीतच येऊन बसतात. आकडे एका स्तंभाखाली एक छापलेले असले की हा प्रकार अर्ध्या मिनिटात ओळखू येतो.

तिसरी तपासणी शेजाऱ्यांची. ठळक स्रोतापासून सुमारे ०.८ आर्कसेकंदावर पीएसएफला एक आकडीसारखा उंचवटा असतो. ठळक स्रोताला चिकटून मंद जोडीदार सापडला, तर आधी ‘मेक-पीएसएफ-असिमेट्री-रीजन’नं त्या उंचवट्याची जागा काढा. जोडीदार तिथेच बसत असेल तर तो सोडून द्या. खूप ठळक स्रोतातून चिपच्या स्तंभाच्या दिशेनं एक फिकी रेघही निघते, कारण प्रतिमा वाचताना प्रत्येक फ्रेममध्ये ४१ मिलिसेकंद जातात. त्या रेघेवर मिळालेले ठिपके संशयितच धरा.

७. तेज मोजा

फोटॉन थोडे असताना चूक म्हणून संख्येचं वर्गमूळ घेऊ नका. ‘एप्रेट्स’ प्वासाँ गणितानं मर्यादा देतं. हाताने अंदाज हवा असेल तर संख्येत ०.७५ मिळवून वर्गमूळ काढा आणि त्यात १ मिळवा. ८ फोटॉनांवर वरची चूक ४ येते.

‘एसआरसीफ्लक्स’ फोटॉनांवरून ऊर्जाप्रवाह काढून देतं, पण त्याला एक वर्णपट गृहीत धरावा लागतो. ऊर्जेच्या घातानुसार घटणारा वर्णपट, घातांक १.७ आणि आपल्या आकाशगंगेतलं शोषण, ही रूढ निवड आहे. जे गृहीत धरलं ते यादीत लिहा. एम ८३ साठी दर चौरस सेंटिमीटरला दर सेकंदाला दहाचा उणे पंधरावा घात अर्ग एवढा प्रवाह म्हणजे सुमारे २.५ गुणिले दहाचा ३६वा घात अर्ग प्रति सेकंद एवढी तेजस्विता. सूर्य सगळ्या तरंगलांबींवर मिळून जितका प्रकाश देतो, त्याच्या साडेसहाशे पट, आणि तीही नुसत्या क्ष-किरणांत. तरीही आपल्या दृष्टीनं हा मंद स्रोत.

वर्णपट काढायचा असेल तर एकत्र केलेल्या फायलीवरून कधीच काढू नका. प्रत्येक निरीक्षणातून ‘स्पेकएक्स्ट्रॅक्ट’नं वेगळा काढा आणि मग जोडा, कारण प्रत्येकाचा प्रतिसाद वेगळा असतो.

इथे एक मोठा सापळा आहे. एसिसच्या फिल्टरवर वर्षानुवर्षे एक थर साचत आला आहे आणि एक किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या खालचे फोटॉन तो गिळतो. मृदू स्रोत २००० साली वीस फोटॉन देत होता आणि आज तेवढ्याच वेळात चार देतो, म्हणून तो मंदावला असं लिहू नका. तुलना प्रवाहाची करा, फोटॉनांची करू नका. कठीणतेच्या गुणोत्तरालाही, म्हणजे कठीण आणि मृदू पट्ट्यांतल्या फोटॉनांच्या तुलनेलाही, हेच लागू.

८. त्याच दीर्घिकेतला आहे का?

तुमच्या यादीतले बरेच ठिपके दीर्घिकेच्या कितीतरी पलीकडचे असतील. चंद्रानं दक्षिण आकाशातल्या एका रिकाम्या तुकड्याकडे ७० लाख सेकंद पाहिलं तेव्हा ४८४ चौरस आर्कमिनिटांत १००८ स्रोत सापडले. त्यांतले बहुतेक दूरच्या सक्रिय दीर्घिकांची केंद्रं. तुमचं निरीक्षण इतकं खोल नसलं तरी एका चिपच्या ७० चौरस आर्कमिनिटांत काही डझन पाहुणे धरूनच चाला. ते सगळीकडे सारखे पसरलेले असतात आणि दीर्घिकेचे स्वतःचे स्रोत मध्याकडे दाटतात. म्हणून केंद्रापासूनच्या अंतरानुसार स्रोतांची घनता काढली की पाहुण्यांचा एकूण वाटा कळतो. एकेक पाहुणा कोणता, ते यातून कळत नाही.

जवळचे तारे ओळखणं सोपं आहे. गाया या उपग्रहाच्या तारासूचीत त्या जागी लंबन किंवा स्वगती असलेला तारा आहे का ते पाहा. नंतर क्ष-किरण आणि दृश्य प्रकाशाचं गुणोत्तर काढा: क्ष-किरण प्रवाहाचा लॉग, अधिक दृश्यप्रत भागिले २.५, अधिक ५.३७. प्रवाहाचा लॉग उणे १४ आणि दृश्यप्रत १५ असेल तर उत्तर उणे २.६ येतं. तो तारा. त्याच प्रवाहाला दृश्यप्रत २२ असेल तर उत्तर ०.२ च्या आसपास येतं. तिथे सक्रिय दीर्घिकाकेंद्राचा संशय घ्या.

जुळणीवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. एम ८३ च्या हबलनं घेतलेल्या प्रतिमेत एका आर्कसेकंदाच्या वर्तुळात कुठेही काही ना काही सापडतंच. टॉपकॅटमध्ये तुमची यादी आठ दिशांना दहा-दहा आर्कसेकंद सरकवा आणि प्रत्येक वेळी किती जुळण्या मिळतात ते मोजा. सरळ यादीत ४० जुळण्या आणि सरकवलेल्या यादीत सरासरी ३२ येत असतील, तर खऱ्या जुळण्या सुमारे आठच आहेत.

९. आहे तरी कोण?

पन्नासपेक्षा कमी फोटॉन असतील तर वर्णपटाचा हट्ट सोडा आणि कठीणतेच्या गुणोत्तरावर भागवा. कमी आकड्यांसाठी बेहर हा बेजियन प्रोग्राम वापरा. शंभराच्या वर फोटॉन असतील तर शेर्पात साधं प्रतिमान बसवा, पण काय-वर्ग न वापरता कॅश सांख्यिकी घ्या.

- जवळजवळ सगळे फोटॉन एक किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली: अतिमृदू स्रोत, बहुधा पदार्थ ओढून घेणारा श्वेतबटू.
- मृदू, न बदलणारा, ऑक्सिजन-निऑन-मॅग्नेशियमच्या रेषांची छटा: अतिनवताऱ्याचा अवशेष. दृश्य प्रकाशात गंधकाच्या रेषा हायड्रोजनच्या लाल रेषेच्या ०.४ पटींपेक्षा जास्त तेजस्वी असतील तर खात्री वाढते.
- कठीण, बदलणारा, निळ्या तेजस्वी ताऱ्यापाशी: मोठ्या वस्तुमानाच्या जोडीदाराची क्ष-किरण जोडी. यूव्हीआयटीची सुमारे दीड आर्कसेकंदांची अतिनील प्रतिमा असेल तर तरुण ताऱ्यांच्या वसाहती तिच्यात छान उठून दिसतात.
- कठीण आणि गोलाकार तारकागुच्छात: कमी वस्तुमानाच्या जोडीदाराची जोडी.
- दहाचा ३९वा घात अर्ग प्रति सेकंदाच्या वर: अतितेजस्वी स्रोत. एम ८३ मधला एक असा स्रोत काही वर्षांत किमान ३००० पटींनी उजळला होता. म्हणून जुन्या निरीक्षणात एखादा स्रोत ‘नाही’ असेल तर तिथली वरची मर्यादाही काढून ठेवा.

रेडिओ तपासणीसाठी पुणेकरांना दूर जायला नको. नारायणगावजवळ खोडदला उभ्या असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० अँटेनांचा संग्रह खुला आहे, आणि एम ८३ तिच्या टप्प्यात येते. संग्रहात निरीक्षण असेल तर अवशेष आणि पलीकडची सक्रिय केंद्रं वेगळी करायला ते फार उपयोगी पडतं. गणेशखिंडीत आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्था शेजारी शेजारी आहेत. प्रश्न विचारायला जाताना मात्र तयार यादी आणि एक नेमका प्रश्न घेऊन जा.

कठीण वर्णपट, अस्पष्ट जुळणी आणि वीस फोटॉन असतील, तर एकटा स्रोत क्ष-किरण जोडी आहे की पाहुणा, हे ठरतच नाही. तिथे ‘अनिश्चित’ असंच लिहायचं.

१०. यादीत काय लिहायचं

प्रत्येक स्रोताला एक ओळ: विषुवांश आणि क्रांती, स्थानाची चूक, तिन्ही पट्ट्यांतले फोटॉन, पार्श्वभूमीची अपेक्षा, योगायोगाची शक्यता, गृहीत वर्णपट, प्रवाह, वरची आणि खालची मर्यादा, जुळणी, वर्ग, आणि वर्गासमोर ‘निश्चित’, ‘संभाव्य’ किंवा ‘अनिश्चित’. वापरलेल्या सगळ्या निरीक्षणांचे क्रमांक आणि सियाओ व कॅलडीबीच्या आवृत्त्या वर लिहा. सहाव्या पायरीत काढून टाकलेल्या ठिपक्यांची वेगळी यादी करा आणि प्रत्येकासमोर कारण लिहा. त्याच दिशेचं नवं निरीक्षण खुलं झालं की सर्वांत आधी ही दुसरी यादी उघडायची.